घंटेतलं फडकं

संसदेच्या त्या इमारतीत माणसांपेक्षा घंटा जास्त आहेत, असं घंटीमामा म्हणायचे. त्यांच्या म्हणण्याला वजन होतं, कारण त्या सगळ्या घंटा त्यांच्याच हाताखालच्या. मोठ्या सभागृहाबाहेर घंटा, समित्यांच्या खोल्यांबाहेर घंटा, वाचनालयात, उपाहारगृहात, इतकंच काय, सभासदांच्या शौचालयातसुद्धा एक घंटा होती. "लोकशाही माणसाला कुठेही गाठते," हे त्यावरचं मामांचं ठरलेलं वाक्य. नवा कुणीही नोकरीला लागला की पहिल्या दिवशी त्याला ते ऐकावंच लागे, आणि हसावंही लागे.

घंटांचं काम साधं होतं. मतदान जाहीर झालं की सगळ्या घंटा एकदम खणखणायला लागत. सभासद जिथे असतील तिथून हातातला चहा टाकून पळत सुटत. घंटा थांबली की दारं बंद. मग बाहेर राहिलेला कितीही मोठा माणूस असो, त्याने दारावर डोकं आपटलं तरी ते उघडायचं नाही. आत जे असतील त्यांचीच मतं धरायची. मामांनी या दारांपाशी भलेभले मंत्री धापा टाकताना पाहिले होते, आणि एकाला तर एका पायात बूट आणि एका हातात बूट अशा अवस्थेत आत घेतलं होतं.

रोज सकाळी, कुणी यायच्या आत, मामा प्रत्येक घंटेपाशी जात. पितळेची वाटी पुसायची, तिच्यावर आपटणारा छोटा हातोडा नीट हलतोय का पाहायचं, तार सैल झाली असेल तर आवळायची. पुसताना मध्येच कुणी कळ दाबली तर कानठळ्या बसत. एकदा तसं झालं होतं आणि मामा शिडीवरून पडता पडता वाचले होते. तेव्हापासून ते पुसण्याआधी हातोडा आणि वाटी यांच्यामध्ये पिवळं फडकं कोंबत. फडकं असलं की घंटा नुसती घशातल्या घशात घरघरते, आवाज बाहेर पडत नाही. काम झालं की फडकं खिशात. ही युक्ती मामांची स्वतःची होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा. माणसाने आयुष्यात एवढी तरी युक्ती आपली म्हणून काढावी.

सकाळच्या फेरीनंतर मामांची नेमणूक परराष्ट्र खर्च समितीच्या खोलीवर असे. परदेशातल्या आपल्या दूतावासांवर किती पैसा जातो आणि गरीब देशांना मदत म्हणून किती जातो, हे ही समिती दरवर्षी तपासे. तिने हो म्हटल्याशिवाय खात्याला पैसा मिळत नसे. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला निवडून आलेली माणसं बसत आणि दुसऱ्या बाजूला परराष्ट्र खात्याचे अधिकारी, चेहरे अगदी परीक्षेला बसल्यासारखे. मामा दारापाशी उभे राहत, पाणी भरत, ध्वनिक्षेपक सरळ करत आणि सगळं ऐकत.

ऐकण्यासारखं असायचंच. एका दूतावासात गालिच्यांवर एवढा खर्च का झाला, तिथले लोक गालिच्यावर बसून उडत कचेरीला जातात का, असं एका बाईंनी विचारलं होतं. एका राजदूताच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायला वेगळा माणूस होता, आणि तो देश सगळा वाळवंट. "मग तो माणूस दिवसभर करतो काय?" असं समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं तेव्हा खात्याच्या सचिवांनी इतका वेळ घसा साफ केला की मामांनी आपण होऊन पाण्याचा पेला पुढे सरकवला. घरी गेल्यावर मामा हे सगळं रंगवून सांगत. बायको भाजी निवडता निवडता ऐके आणि म्हणे, "तुमच्या समितीला एकदा आपल्या घरी पण बोलवा. तुमच्या विड्यांचा खर्च तपासायचाय."

मामांना ही तपासणी पटत असे. आपल्या लोकांचा पैसा परक्या मुलखात जातो, तर कुणीतरी विचारायलाच हवं, यात त्यांना शंका नव्हती. समितीतले एक सभासद होते, त्यांना शिपाई मंडळी आपसात 'कात्री' म्हणत, कारण प्रत्येक रकमेला ते कात्री लावायला बघत. पण मामांच्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता. कात्रींच्या मतदारसंघातला दवाखाना पावसात गळायचा, आणि ते खरंच पोटतिडकीने बोलत. "आमच्याकडे छपराला पत्रे नाहीत, आणि आपण समुद्रापलीकडे छपरं घालत बसलोय," असं ते म्हणाले की मामांची मान आपोआप हले.

मामांचा खरा जीव मात्र मास्तरांवर. मास्तर म्हणजे समितीतले सगळ्यात म्हातारे सभासद. राजकारणात येण्यापूर्वी ते शाळेत शिकवत, म्हणून ते नाव. कधी कुणावर ओरडले नाहीत, कधी पेला उचलताना शिपायाला धन्यवाद म्हणायचं विसरले नाहीत. कागदावर विश्वास नसलेला माणूस. बऱ्याच वर्षांपूर्वी, मदतीच्या पैशातून एका दूरच्या देशात तापाचा दवाखाना बांधला गेला तेव्हा, तो खरंच बांधलाय की नुसता कागदावर आहे हे बघायला मास्तर स्वतः तिथे जाऊन आले होते. खाटांवर बसून पाहिलं, औषधांची कपाटं उघडून पाहिली. परत आल्यावर समितीत म्हणाले होते, "या दवाखान्याचा मी साक्षीदार आहे." तेव्हापासून तो दवाखाना समितीत 'मास्तरांचा दवाखाना' म्हणूनच ओळखला जाई.

त्या वर्षी कात्रींनी त्याच दवाखान्याची सगळी रक्कम काढून टाकायची सूचना आणली.

तो दवाखाना चालवणारे डॉक्टर साक्षीला आले होते. काळवंडलेला, हडकुळा माणूस, अंगातला कोट बहुधा उसना आणलेला. त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. दवाखान्याचा व्हरांडा, त्यात एक लाकडी बाक, आणि बाकावर एक बाई. डोक्यावरून पदर घ्यावा तसं काहीतरी कापड घेतलेलं, मांडीवर पत्र्याचा डबा, आणि नजर थेट बघणाऱ्याकडे.

"ही कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नंबर लागायची वाट बघतेय," डॉक्टर म्हणाले. "दर महिन्याला येते. चालत. डब्यातून औषध घेऊन जाते. या आजारात औषधात खंड पडून चालत नाही."

"आणि पडला तर?"

डॉक्टरांनी फोटोकडे बघितलं फक्त. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि चहाची सुट्टी जाहीर केली. मतदान चहानंतर, सावकाश, असं सगळ्यांनीच धरलं होतं. मतं जवळजवळ सारखी वाटली गेली होती. मास्तर दवाखान्याच्या बाजूने उभे राहिले तर सूचना पडणार, हे दारातल्या मामांनासुद्धा दिसत होतं.

आता पुढे जे झालं ते नीट ऐकायला हवं, कारण त्यात कुणी चोर नाही आणि कुणी डाकू नाही. मास्तरांची बायको अंथरुणाला खिळलेली. मास्तर रात्र रात्र तिच्या उशाशी जागत आणि सकाळी तसेच समितीला येत. त्या दिवशी सुट्टीत ते समोरच्या विश्रांतीच्या खोलीत गेले, बूट काढून सोफ्यावर आडवे झाले आणि डोळे मिटले. मामा पाणी ठेवायला आत गेले तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हाताऱ्याचे पाय सोफ्याबाहेर लोंबत होते, मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं. ते भोक बघून मामांना भडभडून आलं. घरची बाई आजारी पडली की माणसाच्या मोज्यापर्यंत कळतं.

सोफ्याच्या बरोबर वर, भिंतीवर घंटा होती; बाहेरच्या घंटा मात्र जाड दारामुळे आत ऐकू येत नसत. सुट्टीत कधी कधी समितीचे कारकून चाचणीसाठी कळ दाबत, किंवा मोठ्या सभागृहातलं कसलं तरी किरकोळ मतदान निघे. घंटा वाजली की म्हातारा दचकून उठणार. मामांनी खिशातून फडकं काढलं, पायांच्या बोटांवर उभं राहून हातोडा आणि वाटीच्या मध्ये कोंबलं. पाच-दहा मिनिटांची तर गोष्ट. आपण समोरच आहोत. चहा संपला की येऊन, फडकं काढून, साहेबांना हळूच उठवू.

एवढा विचार करून मामा बाहेर आले, आणि त्यांना खालच्या मजल्यावर बोलावणं आलं. तिथल्या खोलीतला ध्वनिक्षेपक बंद पडला होता. मामा गेले. तो दुरुस्त करायला लागायला हवा त्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला. तेवढ्यात इकडे वर चहाची सुट्टी संपली, आणि कात्रींनी बघितलं की आपली माणसं खोलीत आहेत आणि समोरची पांगलेली आहेत. त्यांनी लगेच मतदान मागितलं. तसा त्यांना हक्क होता. अध्यक्षबाईंनी कळ दाबली.

खालच्या मजल्यावर मामांच्या डोक्यावर घंटा खणखणली तेव्हा त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला. ते जिन्याने वर धावले. या वयात, या गुडघ्यांनी, ते जिने त्यांनी कसे चढले ते त्यांनाही कधी कळलं नाही. मजल्यावर पोचले तेव्हा घंटा थांबली होती. समितीचं दार बंद झालं होतं. दारावर दुसरा शिपाई पाठ लावून उभा होता. आणि समोरच्या खोलीत मास्तर तसेच, डोळे मिटून, पाय लोंबकळत.

मामांनी फडकं ओढून काढलं आणि खिशात कोंबलं. सूचना एका मताने मंजूर झाली. दवाखान्याची रक्कम गेली.

नंतरच्या गोंधळात समितीच्या सचिवांनी मामांना विचारलं, "सगळ्या घंटा ठीक आहेत ना?"

"सकाळीच तपासल्यात साहेब," मामा म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण इतकं खोटं मामा आयुष्यात बोलले नव्हते.

मास्तरांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला झोप लागली."

झालं. वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. झोपाळू सभासद म्हणून चित्रं छापून आली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याने पैसे खाल्ले. मास्तरांच्या पक्षाचा दवाखान्याला विरोधच होता, त्यामुळे पक्षातले लोक गालातल्या गालात हसले आणि बाहेर हळहळले. मास्तर कुणालाच काही बोलले नाहीत. आणि मामा रोज सकाळी त्या सोफ्यावरची घंटा पुसताना दाराला आतून कडी लावू लागले.

फोटोतली बाई पहिल्यांदा दिसली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. भर दुपारी. समितीच्या खोलीबाहेर साक्षीदारांसाठी एक बाक असतो. मामा पाण्याची सुरई घेऊन येत होते, आणि बाकावर ती बसलेली होती. डोक्यावर कापड, मांडीवर डबा. ऊन खिडकीतून तिच्या पायांवर पडलं होतं. मामांना वाटलं कुणी साक्षीदार असेल. ते विचारायला पुढे झाले, "बाई, कुणाला भेटायचंय?" आणि बाक रिकामा होता. सुरईतलं पाणी त्यांच्या बुटावर सांडलं होतं.

मामा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. त्या इमारतीत जुन्या पंतप्रधानांचं भूत फिरतं असं स्वच्छता करणाऱ्या बाया सांगत, तेव्हा मामाच म्हणायचे की जिवंतपणी जो वेळेवर आला नाही तो मेल्यावर कशाला येईल. पण ही बाई यायची. कधी बाकावर, कधी उपाहारगृहाच्या रांगेच्या शेवटी, कधी घरी येताना बसच्या मागच्या आसनावर. बोलत काहीच नसे. रागावलेलीही नसे, आणि त्याचाच मामांना जास्त त्रास व्हायचा. ती नुसती वाट बघायची, नंबर लागायची.

घरी बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दारावरची बेल वाजली की मामा दचकायचे, म्हणून त्यांनी ती काढूनच टाकली. लोक दार वाजवून वाजवून परत जाऊ लागले. शेवटी एकदा जेवताना तिने ताट बाजूला सारलं.

"काय झालंय ते सांगा. कुणी बाई आहे का?"

"आहे," मामा म्हणाले, आणि त्यांना इतक्या दिवसांनी हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. फडकं, सोफा, मोज्याचं भोक, जिना, बाकावरची बाई. सांगताना ते ताटातला घास बोटांनी कुस्करत राहिले.

बायकोने त्यांच्या पुढचं ताट उचललं. मग म्हणाली, "तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत."

"हेतूने काय होतंय? दवाखाना बंद पडला ना."

"मग मास्तरांना सांगा. त्यांची अब्रू तुमच्यामुळे गेलीय. माणूस तुमच्या वाटचं ऐकून घेतोय आणि तुम्ही घरात बेल काढून बसलाय. आणि त्या बाईला घरी आणलीच आहे, तर निदान बसा तरी म्हणा."

बायकोचं हे असं. तिची थट्टा लागायची, पण तिच्यात खोट नसायची. मामांनी ठरवलं, सांगायचं. नोकरी गेली तर गेली.

पण ठरवणं वेगळं. संसदेत मास्तरांना एकटं गाठायला गेलं की मामा पाण्याचा पेला पुढे करून परत फिरत. मास्तर आता खांदे पाडून चालत. कुणी मागून कुजबुजलं की त्यांचा कान लाल होई, पण ते वळत नसत. अशात त्यांची बायको गेली. मामा भेटायला त्यांच्या घरी गेले. दिवाणखान्यात मास्तर एकटेच होते, टेबलावर औषधाच्या बाटल्या तशाच मांडलेल्या, कुणी उचलल्या नव्हत्या.

"मामा, तुम्ही आलात. बरं वाटलं."

मामा खुर्चीच्या काठावर टेकले. मग त्यांनी मनाचा हिय्या केला. "साहेब, त्या दिवशी ती घंटा—"

"चहा घेणार ना?" मास्तर लगेच उठले. "थांबा, मीच करतो. मला आता येतो करायला." आणि स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी कपबशी पुढे केली, आणि हवापाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

केवढा मोठा माणूस, मामांना वाटलं. आपली चूक त्याला कळली असेल, तरी आपल्याला लाज वाटू नये म्हणून विषय वळवतोय. परतीच्या वाटेवर बाई बसमध्ये मागे होतीच.

वर्ष फिरून आलं. परराष्ट्र खात्याचे अधिकारी पुन्हा टेबलाच्या त्या बाजूला येऊन बसले. पुन्हा गालिचे निघाले, पुन्हा बागेचा माणूस निघाला. आणि अध्यक्षबाईंनी स्वतः सूचना मांडली की तापाचा दवाखाना पुन्हा सुरू करावा. साक्षीला तेच डॉक्टर आले. आणखी वाळले होते. या वेळी फोटो नव्हता.

सुट्टीत डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा मामांनी त्यांना पाणी नेऊन दिलं. दिलं आणि तिथेच उभे राहिले.

"साहेब, एक विचारू? गेल्या वेळी फोटोत एक बाई होती. डबा घेतलेली."

डॉक्टरांनी वर बघितलं. एका शिपायाच्या ते लक्षात राहिलंय याचं त्यांना नवल वाटलं असावं. "होती. दवाखान्याला कुलूप लागल्यावरसुद्धा येत राहिली. पहारेकरी सांगत होता, बंद दारासमोर त्याच बाकावर बसायची. तो म्हणायचा, बाई, आता इथे कुणी नाही. तर म्हणायची, बसते जरा. मग यायची बंद झाली."

"दुसरीकडे औषध मिळालं असेल."

"दुसरीकडे नाहीच," डॉक्टर म्हणाले. "तिला पुरली आमच्या माणसांनी."

मामांनी रिकामा पेला घेतला. भिंतीला हात लावून ते विश्रांतीच्या खोलीपर्यंत गेले. जरा टेकावं म्हणून ते आत शिरले, तर सोफ्यावर मास्तर. तसेच आडवे, बूट खाली, डोळे मिटलेले. वर घंटा, लख्ख पुसलेली. मामांच्या खिशात फडकं होतं, आणि ते त्यांनी मुठीत घट्ट धरलं. आज इथून हलायचं नाही. कुणीही बोलावू दे. घंटा होईल तेव्हा साहेबांना उठवायचं, आणि मग सगळं सांगायचं.

घंटा झाली. त्या लहान खोलीत ती इतकी जोरात खणखणली की पाण्याचा पेला टेबलावर थरथरला. मेलेला माणूस उठून बसला असता.

मास्तर हलले नाहीत. त्यांच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. मग, डोळे न उघडता, अगदी हळू आवाजात ते म्हणाले,

"मामा, आज फडकं लावलं नाहीत?"

मामांना आधी शब्दच कळले नाहीत. घंटा वाजत होती. मग कळले, आणि त्यांनी मुठीतल्या फडक्याकडे बघितलं.

"साहेब, तुम्ही जागे होतात?"

"पक्षाचा हुकूम होता, दवाखान्याविरुद्ध मत द्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीला उभं करणार नाही." मास्तरांचे डोळे अजून मिटलेले होते. "आणि डॉक्टरला मी शब्द दिला होता. घरी ही तशी. मी इथे पडून विचार करत होतो की काय करू. तुम्ही आत आलात. मी किलकिल्या डोळ्यांनी बघितलं, तुम्ही फडकं कोंबलंत. मला वाटलं, देवच आला धावून. घंटा वाजलीच नाही, तर मी काय करणार? घरघर ऐकली मी. पूर्ण थांबेपर्यंत ऐकली." त्यांनी एक बोट वर, घंटेकडे केलं. "लावा ना, मामा. आजच्या दिवस."

वर्षभर मामांनी ज्या माणसाच्या अब्रूसाठी जीव जाळला होता, तो हा. वर्षभर ज्याला मोठा माणूस म्हणून मनातल्या मनात नमस्कार केला, तो हा. मामांना त्यांचा भयंकर राग आला. इतका की सोफ्यासकट उचलून बाहेर नेऊन टाकावं. आणि रागाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, कारण म्हातारा रडत होता. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि मोज्याला अजून ते भोक होतं. आता ते शिवणारं घरात कुणी नव्हतं.

त्या इमारतीत एक नियम आहे, शिपायाने सभासदाच्या अंगाला हात लावायचा नाही. मामांनी इतक्या वर्षांत तो कधी मोडला नव्हता. ते खाली गुडघ्यांवर बसले, मास्तरांचा पाय हातात घेतला आणि बुटात घातला. मग दुसरा. नाड्या बांधल्या, लहान मुलाच्या बांधतात तशा, दुहेरी गाठ मारून. मग बगलेत हात घालून त्यांना उठवून बसवलं.

"ती बाई गेली साहेब," मामा म्हणाले. "फोटोतली. आपण दोघांनी मिळून मारली. चला, घंटा वाजतेय."

मास्तरांनी डोळे उघडले. मामांकडे बघितलं, वरच्या घंटेकडे बघितलं. मग उभे राहिले आणि भिंत धरत, मामांचा हात न घेता, चालत गेले. समितीच्या दारात पक्षाचा माणूस उभा होता. तो काहीतरी बोलला. मास्तर त्याच्याकडे न बघता पुढे झाले. ते आत शिरले, आणि त्यांच्या मागे घंटा थांबली, दार लागलं.

मत त्यांनी कोणत्या बाजूने दिलं ते थोड्याच वेळात सगळ्या मजल्याला कळलं. दवाखान्याची सूचना एका मताने मंजूर झाली. पक्षाचा माणूस मोठमोठ्याने बोलत निघून गेला. डॉक्टर बाहेर आले आणि कुणाचे आभार मानावेत ते न कळून त्यांनी दारातल्या मामांचाच हात धरून हलवला. मास्तर सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. ते मामांसमोरून गेले, पण मान वर केली नाही. मामांनीही त्यांना हाक मारली नाही.

मजला रिकामा झाला. खिडकीतून दुपारचं ऊन बाकावर पडलं होतं. बाई तिथे बसली होती.

मामांना खरंच वाटलं होतं की आज ती नसेल. दवाखाना उघडणार, औषधं जाणार, आता तिने कशाला यायचं? पण ती होती, तशीच, मांडीवर डबा घेऊन. मामा तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. दवाखाना उघडेल तो दुसऱ्यांसाठी. हिचा नंबर गेल्या वर्षीच येऊन गेला होता, घंटा घशातल्या घशात घरघरत असताना.

बायको म्हणाली होती, निदान बसा तरी म्हणा. बाई बसलेलीच होती. मग मामाच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. खिशातलं फडकं काढून मांडीवर ठेवलं, आणि तिच्यासारखे समोर बघत राहिले.